प्रोटॉन हातातून सुटला तर खाली पडेल का?

कृष्णाकाठ:

कराडला गेली सतरा वर्षं अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवतोय. परवा चुंबकीय क्षेत्रातल्या भारित कणांचा धडा चालू होता. फळ्यावर नेहमीसारखं लिहिलं: विद्युत क्षेत्रात बल क्षेत्राच्या रेषेत, चुंबकीय क्षेत्रात बल वेगालाही काटकोनात आणि क्षेत्रालाही काटकोनात. शेवटी कंसात ‘गुरुत्वीय बल नगण्य’. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, नगण्य म्हणजे किती? आणि विद्युत क्षेत्र नसेलच, नुसतं पृथ्वीचं गुरुत्व आणि पृथ्वीचंच चुंबकत्व असेल, तर नगण्य कशापुढे?”

मी पटकन सांगून टाकलं, मग तो दगडासारखा खाली पडेल, ९.८ च्या त्वरणाने. रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो आणि लक्षात आलं की हे उत्तर चुकलं.

आधी ‘नगण्य म्हणजे किती’ ते बघू. आभाळ स्वच्छ असताना जमिनीलगतच्या हवेत मीटरला साधारण १०० व्होल्ट इतकं विद्युत क्षेत्र असतंच. तेवढ्याने प्रोटॉनवर पडणारं बल त्याच्या वजनाच्या जवळजवळ १०० कोटी पट भरतं. इलेक्ट्रॉनवरचं त्याच्या वजनाच्या १.८ लाख कोटी पट. म्हणजे एरवी आपण गुरुत्व सोडून देतो ते रास्तच आहे.

आता विद्युत क्षेत्र काढून टाकू. निर्वात जागा, चुंबकीय क्षेत्र आडवं, उत्तरेकडे रोखलेलं, ४०,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). त्यात एक प्रोटॉन स्थिर धरला आणि सोडला. सुटल्या क्षणी वेग शून्य, म्हणून चुंबकीय बलही शून्य. तो पडायला लागतो. वेग आला की चुंबकीय बल जागं होतं आणि खाली जाणाऱ्या प्रोटॉनला पूर्वेकडे वळवतं. वाट वळत वळत पार आडवी होते. पूर्वेकडे धावणाऱ्या प्रोटॉनवर आता चुंबकीय बल सरळ वर आहे, आणि तळाशी ते बरोबर त्याच्या वजनाच्या दुप्पट होतं. मग तो वर चढतो, जिथून सुटला त्या उंचीवर येतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा तेच. सायकलच्या टायरवर खडूचा ठिपका काढून सायकल ढकलली की ठिपक्याची जी वाट होते ती उलटी धरा, तशी कमानींची रांग.

आकडे काढले तेव्हा मी दोनदा तपासले. तो पडतो किती? १.३ मायक्रोमीटर. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. एक कमान पुरी व्हायला १.६ मिलिसेकंद. आणि या सगळ्यात तो सरासरीने पूर्वेकडे सरकतो, सेकंदाला अडीच मिलिमीटर. इलेक्ट्रॉन याच हिशेबाने पश्चिमेकडे सरकतो, सेकंदाला जेमतेम दीड मायक्रोमीटर.

खाली ओढणारं बल, आणि कण सरकतो आडवा! उद्या तिला हे सांगणार आहे. त्याआधी इथल्या जाणकारांनी एकदा नजर घालावी. आणि हे निसर्गात कुठे खरोखर घडतं का, तेही कुणाला माहीत असेल तर लिहा.

---

सरळरेषा:

गणित बरोबर वाटतंय. तो मूळ उंचीवरच का परत येतो, हे मुलांना ऊर्जेवरून सांगता येईल. चुंबकीय बल कायम वेगाला काटकोनात, म्हणून ते काम करत नाही. प्रोटॉनला मिळणारी सगळी गतिज ऊर्जा उंची गमावूनच येते. वेग शून्य झाला म्हणजे उंची परत मिळालीच पाहिजे.

एक शंका. तो पडत नसेल तर त्याचं वजन पेलतंय कोण?

---

कृष्णाकाठ:

ज्याच्यामुळे ते क्षेत्र आहे तो चुंबक. प्रोटॉनला वर ढकलताना चुंबक स्वतः तेवढाच खाली ढकलला जातो. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन टेबल पेलतं, तसंच. इथे चुंबक म्हणजे पृथ्वीच्या गाभ्यातले विद्युतप्रवाह.

---

होकायंत्र:

सर, मांडणी आवडली. एक दुरुस्ती मात्र करावी लागेल. तुम्ही क्षेत्र आडवं धरलंत. ते आडवं असतं फक्त चुंबकीय विषुववृत्तावर, आणि ती रेषा भारतात पार दक्षिणेच्या टोकाकडून जाते. केरळातल्या थुंब्याची जागा रॉकेट सोडायला निवडली ती याच कारणाने. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट गेलं. आपल्याकडे कोकणात क्षेत्ररेषा उत्तरेकडे जाताना क्षितिजाखाली पंचवीस-एक अंश कललेली असते. रेषेच्या दिशेत जाणाऱ्या कणावर चुंबकीय बल शून्य. म्हणजे प्रोटॉन तिथे तारेत ओवलेल्या मण्यासारखा वागेल: तारेला आडवा जाऊ शकणार नाही, पण कललेल्या तारेवरून घसरत खाली येईल. कराडचा प्रोटॉन शेवटी जमिनीवर पोचणार, फक्त उत्तरेकडे तिरका, आणि जाता जाता थोडा पूर्वेला सरकलेला.

या तारांचं मोजमाप आपल्याकडे किती जुनं आहे ते मुलांना जरूर सांगा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तिथली चुंबकीय मोजमापं १८४१ पासूनची. पुढे मुंबईत ट्राम विजेवर चालणार असं ठरलं. विजेच्या ट्रामचा प्रवाह जमिनीतून परत येतो आणि त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. नाजूक सुया त्याने हलल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. अलिबागची इमारत बांधताना लोखंड वापरलं नाही. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा दाराशीच खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सगळं काढून ठेवायला लावलं होतं. बिजागऱ्याही पितळेच्या होत्या. बाहेर आल्यावर कितीतरी वेळ मी दिसेल त्या बिजागरीकडे बघत होतो.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. २ सप्टेंबर १८५९ ला कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा आडवा घटक अचानक कोसळला, सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी. सूर्यावरच्या एका प्रचंड वादळाच्या वेळची ही नोंद आजही जगभर वापरली जाते. क्षेत्र कोसळलं ते बहुधा भारित कणांच्या याच आडव्या सरकण्यामुळे, फक्त तिथे ढकलणारं बल गुरुत्वाचं नव्हतं. पृथ्वीपासून लांब गेलं की चुंबकीय क्षेत्र विरळ होत जातं, आणि तिथे गिरक्या घेणाऱ्या कणाला ते विरळ बाजूकडे, म्हणजे बाहेर ढकलतं. गुरुत्व खाली ओढतं म्हणून तुमचा प्रोटॉन पूर्वेला गेला. हे बल वर ढकलतं म्हणून तिथले प्रोटॉन पश्चिमेला जातात आणि इलेक्ट्रॉन पूर्वेला. दोन्ही मिळून पृथ्वीभोवती पश्चिमवाही प्रवाहाचं एक कडं तयार होतं आणि त्या कड्याचं क्षेत्र इथे जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्रातून वजा होतं. मे २०२४ च्या वादळात ही घट ४०० नॅनोटेस्लांच्या पुढे गेली होती. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेहून आकाश लाल दिसलं.

---

कृष्णाकाठ:

दुरुस्ती मान्य. मण्याची उपमा उद्या फळ्यावर जाणार. माझं गणित चुंबकीय विषुववृत्तापुरतं खरं, हे वरच्या लेखात जोडतो.

---

राधाक्का:

मी निवृत्त शिक्षिका, पण या विषयात जीव अजून अडकलेला आहे. गुरुत्व जिथे नगण्य नाही असा आपल्या पुस्तकातलाच प्रयोग तुम्ही सगळे विसरलात की! इलेक्ट्रॉनवरचा भार मोजणारा मिलिकनचा तेलाचा थेंब. मिलिकनने सुटा इलेक्ट्रॉन तोलला नाही, तो तोलला जाणंच शक्य नव्हतं. एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबात हजारो कोटी अणू, आणि त्यावर जादाचे इलेक्ट्रॉन मोजून पाच-दहा. वजन अणूंच्या गर्दीचं, विद्युतभार त्या चारदोन पाहुण्यांचा. म्हणून वजन आणि विद्युत बल एका तागडीत आली. दोन पट्ट्यांमध्ये मीटरला वीस ते पन्नास हजार व्होल्ट लावले की थेंब अधांतरी उभा. आमच्या कॉलेजात हा प्रयोग होता. अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीला डोळा लावून बसलं की थेंब चांदणीसारखा चमकायचा. बटण दाबलं की तो हळूच थांबायचा, आणि मध्येच एखादा भार कमीजास्त झाला की टचकन वर उसळायचा. विजेचा एकेक दाणा सुटा असतो हे मी त्या उसळीत पाहिलंय. पुस्तकात वाचून तेवढी खात्री कधीच पटली नसती.

---

कॅथोड:

सुट्या इलेक्ट्रॉनचं पडणं मोजायचा प्रयत्न झालेला आहे. स्टॅनफर्डला विटेबोर्न आणि फेअरबँक यांनी १९६७ मध्ये निकाल छापला. तांब्याची उभी नळी, द्रव हेलियमच्या थंडीत, आत निर्वात, आणि नळीच्या अक्षावरून वर जाणारे अगदी मंद इलेक्ट्रॉन. नळी कशासाठी, तर बाहेरचं विद्युत क्षेत्र आत येऊ नये म्हणून. निकाल असा की नळीतल्या इलेक्ट्रॉनवर निव्वळ बल जवळजवळ नाहीच. वजनाच्या ९ टक्क्यांहून कमी.

कारण फार सुंदर आहे. तांब्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांनाही वजन असतं. ते नळीत कणभर खाली बसतात. ते खाली बसले की खालच्या बाजूला ऋण भार थोडा जास्त होतो आणि नळीच्या आत एक बारीक विद्युत क्षेत्र तयार होतं. ते किती? इलेक्ट्रॉनचं वजन तोलायला लागतं नेमकं तेवढंच, कारण नळीतल्या इलेक्ट्रॉनांचा तोल साधल्यावरच ते बसायचे थांबतात. मग आत सोडलेला इलेक्ट्रॉनही तोललेलाच राहणार.

म्हणून प्रतिद्रव्य (नेहमीच्या द्रव्याचं उलट्या भाराचं जुळं) खाली पडतं की वर, हे युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत तपासलं, ज्याचा निकाल २०२३ मध्ये छापला, तेव्हा सुटे पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचे प्रति-इलेक्ट्रॉन, वापरले नाहीत. प्रतिहायड्रोजन वापरला, ज्याचा एकूण भार शून्य. तो खालीच पडला.

आता मूळ गणितावर माझी शंका. तुमच्या आडव्या क्षेत्रात एक मिलिव्होल्ट प्रति मीटर इतकं किरकोळ विद्युत क्षेत्र आलं, तरी कण सेकंदाला २५ मीटरने सरकेल. गुरुत्वाचं सरकणं अडीच मिलिमीटर. दहा हजार पट फरक! मग निसर्गात कुठेही शेवटी विद्युत क्षेत्रच जिंकणार. गुरुत्वाचं हे सरकणं कागदावरच राहतं असं मला वाटतं.

---

लालआकाश:

कॅथोड, तुमचा आकडा बरोबर आहे, निष्कर्षाशी मात्र सहमत नाही. माझं काम याच विषयातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विद्युत क्षेत्रामुळे होणारं सरकणं आणि गुरुत्वामुळे होणारं सरकणं यांत वेगापेक्षा मोठा एक फरक आहे. विद्युत क्षेत्रात धन आणि ऋण दोन्ही कण एकाच दिशेला, एकाच वेगाने सरकतात. भाराचं चिन्ह (धन की ऋण) बदललं की बलही उलटतं आणि वळणही उलटतं, दोन्ही मिळून दिशा तीच राहते. सगळेच एकत्र चालले तर प्रवाह कुठला? गुरुत्व भार बघत नाही. बल दोघांवर खालीच, वळण मात्र उलटसुलट. म्हणून धन कण पूर्वेला आणि इलेक्ट्रॉन पश्चिमेला. वेग कितीही कमी असो, ते एकमेकांपासून दूर जातात. म्हणजे प्रवाह झाला. आणि जिथे प्रवाहाला अडथळा येईल तिथे भार साठणार. भार साठला की तिथे विद्युत क्षेत्र येणार, आणि मग तुम्ही म्हणता तो दहा हजार पटीचा गडी मैदानात उतरतो. गुरुत्व फक्त त्याला उठवतं.

हे रोज संध्याकाळी आपल्या डोक्यावर होऊ शकतं. साधारण ३०० किलोमीटर उंचीवर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या भारित कणांच्या थरात, मुख्यतः ऑक्सिजनचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) असतात. ऑक्सिजन प्रोटॉनच्या सोळा पट जड, म्हणून गुरुत्वाने त्याचं सरकणं सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास. मुंगीची चाल म्हणा. दिवसा खालचे थर विजेचे चांगले वाहक असतात, साठलेला भार त्यांच्यातून निघून जातो. सूर्य मावळला की खालच्या थरांतले आयन आणि इलेक्ट्रॉन भराभर एकत्र येऊन विझतात. वरचा थर मात्र टिकतो, शिवाय मावळतीच्या सुमारास तो आणखी वर उचलला जातो. आता दाट वर आणि विरळ खाली. वाटीत तळाला तेल आणि त्यावर अलगद पाणी ठेवल्यासारखी ही अवस्था.

समजा या थराच्या तळाशी एक लहानसा खळगा पडला, म्हणजे विरळ भाग थोडा वर घुसला. खळग्याच्या पश्चिमेकडच्या दाट भागातून धन आयन पूर्वेला सरकत येतात आणि पश्चिम कडेला साठतात, कारण पुढे विरळ भागात वाहून न्यायला पुरेसे कणच नाहीत. पूर्व कडेवरून दाट भागातले आयन पुढे निघून जातात आणि तिथे ऋण भार उरतो. खळग्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे विद्युत क्षेत्र तयार झालं. पूर्वेकडचं विद्युत क्षेत्र, उत्तरेकडचं चुंबकीय क्षेत्र: कण सरकणार वर. खळगा आणखी खोल होतो, भार आणखी साठतो, तो आणखी वर जातो. बघता बघता विरळ प्लाझ्माचा (आयन आणि इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाचा) एक बुडबुडा शेकडो किलोमीटर वर चढतो, आणि क्षेत्ररेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण पसरून आपल्या अक्षांशांपर्यंत पोचतो.

हे दिसतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लोक कोल्हापूर-पन्हाळ्याहून याची छायाचित्रं घेत आले आहेत. त्या उंचीवर आयन विझताना ऑक्सिजनचा अणू ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो, हानलेला दिसला तोच लाल. डोळ्यांना दिसत नाही इतका मंद, पण पूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, डोंगरावर, छतातल्या काचेच्या घुमटाखाली कॅमेरा. एकेका छायाचित्राला मिनिट-दोन मिनिटं. सुरुवातीला पडद्यावर नुसती राखाडी थाळी. मग पश्चिमेच्या कडेने एक काळी पट्टी आत येते, उत्तर-दक्षिण उभी, कधी वरच्या टोकाला फाटे फुटलेली. ती पूर्वेकडे चालत जाते, सेकंदाला शंभरेक मीटरने. जिथे काळं आहे तिथे आयन फार थोडे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाहेर जाऊन वर बघितलं होतं. नुसत्या चांदण्या होत्या.

---

सरळरेषा:

फारच छान. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

---

खोली_मोजणारा:

लालआकाश, तुम्ही माझं दीड वर्षाचं कोडं सोडवलंत. मी जलसर्वेक्षणात आहे. मार्च २०२४ मध्ये कोकणात एका लहान बंदरात भरतीची वेळ साधून रात्री बोटीवरून खोली मोजत होतो. उपग्रहांवरून जागा सांगणारं एक यंत्र (बेस) किनाऱ्यावर, दुसरं (रोव्हर) बोटीवर, संध्याकाळभर फिक्स, म्हणजे अगदी नेमकी जागा, उत्तम. साडेआठ वाजून गेले आणि फिक्स जाऊन फ्लोट, म्हणजे ढोबळ जागा, यायला लागला. उपग्रह तर दहा-बारा दिसत होते. पण त्यातल्या दक्षिणेकडच्या तिघाचौघांच्या सिग्नलची पट्टी नाचत होती: भरलेली, अर्धी, गायब, पुन्हा भरलेली. आम्ही केबल बदलली, अँटेना पुसली, बॅटरी बदलली. मोबाइल टॉवरवर संशय घेतला. साडेदहाच्या सुमारास सगळं आपोआप ठीक झालं. त्या आठवड्यात तीन रात्री हेच. कामाचे पैसे कापले गेले, आणि दोष माझ्या माणसांच्या हलगर्जीपणावर आला. मला तेव्हा बाजू मांडता आली नाही याचं आजही वाईट वाटतं.

हे तेच का?

---

लालआकाश:

लक्षणं अगदी तीच आहेत. उपग्रहाकडून येणारी लहर बुडबुड्याच्या कडांमधल्या दाट-विरळ भागांतून येताना विखुरते, आणि तुमच्यापाशी तिची तीव्रता लुकलुकते. तारे लुकलुकतात तशीच. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासचे महिने, सूर्यावर डागांची गर्दी असलेली वर्षं, आणि मावळतीनंतर मध्यरात्रीपर्यंतची वेळ, हे आपल्याकडे सगळ्यात वाईट. २०२४ मध्ये सूर्य ऐन भरात होता. विमानांना उपग्रहांवरून नेमकी जागा सांगणाऱ्या गगन यंत्रणेलाही याची तजवीज ठेवावी लागते. पुढच्या वेळी कामाची वेळ ठरवताना या महिन्यांत रात्री आठ ते बारा शक्यतो टाळा. टाळणं जमत नसेल तर सिग्नलची तीव्रता नोंदवून ठेवा. दोष कुणाचा ते त्या नोंदीत दिसेल.

---

उत्तरेचा_वारा:

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून लिहितेय. इकडे क्षेत्ररेषा जवळजवळ उभ्या, म्हणजे होकायंत्रदादांची तार इथे आकाशात सरळ वर गेलेली. आडव्या सरकण्याचा प्रश्न मिटला, पण गुरुत्व इथे वेगळंच काम करतं. कॅथोड यांनी सांगितलेली तांब्याची नळी आठवा. इथे आकाशच तशी नळी आहे. आयन जड म्हणून खाली बसू बघतात, इलेक्ट्रॉन हलके म्हणून वर पळू बघतात, आणि त्यांची ताटातूट रोखायला वर रोखलेलं एक बारीक विद्युत क्षेत्र तयार होतं. त्याहून उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवरून मे २०२२ मध्ये एन्ड्युरन्स नावाचं नासाचं रॉकेट ते मोजायला गेलं. सुमारे २५० ते ७७० किलोमीटर उंचीत मिळून फरक निघाला ०.५५ व्होल्ट. हातातल्या घड्याळाच्या सेलपेक्षाही कमी. तेवढं क्षेत्र हायड्रोजनच्या आयनाला त्याच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोराने वर ढकलतं, आणि ध्रुवांवरून तो अवकाशात निघून जातो.

---

कृष्णाकाठ:

आज वर्गात सगळं सांगितलं. आधी माझं परवाचं उत्तर चुकलं होतं हे सांगितलं, मग कमानी काढल्या, मग तार आणि मणी, मग पन्हाळ्याची काळी पट्टी. पन्हाळा इथून फार लांब नाही, त्यामुळे वर्ग एकदम जिवंत झाला. तीन मुलांनी तर आजच रात्री जायचं का म्हणून विचारलं.

दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने स्वतःचा एक हिशेब करून आणला होता. इलेक्ट्रॉनचं वजन तोलायला किती विद्युत क्षेत्र लागेल ते काढलं, मीटरला ०.००००००००००५६ व्होल्ट. इथवर सगळेच येतात. तिने पुढे घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि विचारलं, की दोन पट्ट्यांना हा सेल जोडला आणि मधला इलेक्ट्रॉन अधांतरी उभा करायचा असेल, तर पट्ट्या किती अंतरावर ठेवायच्या? वहीत उत्तर होतं: २ कोटी ६९ लाख किलोमीटर. खाली कंसात चंद्राचं अंतर लिहून भागाकार केलेला, सत्तर पट. प्रोटॉनसाठी वेगळा हिशेब, १४,७०० किलोमीटर, आणि शेजारी पेन्सिलने पृथ्वीचा गोल काढून त्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या दाखवलेल्या, गोलापासून जरा जरा सुट्या.

वही तिला परत द्यायच्या आधी त्या पानाचा फोटो काढून घेतलाय. पुढच्या वर्षी फळ्यावर ‘नगण्य’ लिहिलं की त्याखाली हे चित्र काढणार.